नवा फ्लेक पारखताना: दाबलेली पाइप तंबाखू पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांसाठी

डबी उघडली, पट्टी तशीच पाइपात कोंबली, एकामागून एक सहा काड्या ओढल्या. पाइप गुरगुरायला लागला, जीभ पोळली आणि ‘हे मिश्रण काही खरं नाही’ असा निकाल लागला. दाबलेल्या तंबाखूच्या बाबतीत हे नेहमी घडतं आणि बहुतेक वेळा त्यात मिश्रणाची चूक नसते. चूक ओलाव्याची असते, नाहीतर भरण्याची, नाहीतर घाईची. म्हणून या लेखात चव ओळखण्याआधी या तीन गोष्टी बाजूला कशा काढायच्या, ते आधी येतं. त्या निस्तरल्याशिवाय चवीबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. हा लेख आधीपासून पाइप ओढणाऱ्या, पण सुट्या कापलेल्या तंबाखूवरून दाबलेल्या तंबाखूकडे वळणाऱ्या प्रौढांसाठी आहे. जे ओढत नाहीत त्यांनी यासाठी सुरुवात करू नये. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत, तरी तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा आणि फुफ्फुसाचा कर्करोग होण्याचा धोका असतो, आणि निकोटीनची सवय लागते ती लागतेच. गरोदरपणात, हृदयविकार असताना किंवा घरात लहान मूल असलेल्या खोलीत पाइप पेटवू नये.

आधी शब्द समजून घ्या

दाबलेल्या तंबाखूत पानं एकावर एक रचून, उष्णता देऊन, मोठ्या दाबाखाली तासन्‌तास, कधी कित्येक दिवस ठेवतात. त्याची घट्ट ढेप होते. गुळाची ढेप डोळ्यांसमोर आणा, कल्पना लगेच येईल. दाबामुळे वेगवेगळ्या पानांचे रस एकमेकांत मुरतात, म्हणून सुट्या मिश्रणात जी पानं वेगवेगळी बोलतात ती इथे एकजीव होतात.

ढेपेचे पातळ काप काढले की फ्लेक, म्हणजे पट्टी. ढेपेचा जाड तुकडा न कापता विकला तर प्लग, म्हणजे वडी; ती सुरीने आपणच कापायची. आधी बारीक कापलेली तंबाखू दाबून केलेली, बोटांनी भुगा होणारी ती क्रम्बल केक. पानं पिळून वळलेला दोर म्हणजे रोप किंवा ट्विस्ट, आणि त्या दोराच्या गोल चकत्या म्हणजे कॉइन. एस्कुडो या ब्रँडच्या चकत्या हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण.

इंग्लंडच्या उत्तरेला, लेक डिस्ट्रिक्टच्या दारात असलेलं केंडल हे या कामाचं जुनं गाव. सॅम्युएल गॉविथ ही तिथली तंबाखू कंपनी १७९२ सालापासूनचा वारसा सांगते. तिथल्या कारखान्यांत पाइप तंबाखूबरोबर तपकीरही बनत आली आहे, त्यामुळे तपकिरीची डबी ओळखणाऱ्या मराठी घरांना हे गाव अगदीच परकं वाटू नये. या लेखात उदाहरण म्हणून त्यांचाच सेंट जेम्स फ्लेक घेतला आहे: व्हर्जिनिया (भरपूर साखरेची, गोडसर तंबाखू) आणि पेरीक यांचं मिश्रण. पेरीक ही अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या सेंट जेम्स परगण्यात पिकणारी तंबाखू. तिची पानं ओकच्या पिंपात ठासून, वरून स्क्रूने दाब देऊन, स्वतःच्याच रसात साधारण वर्षभर आंबवतात. नावातला ‘सेंट जेम्स’ तिथला.

हाताशी काय हवं

- मक्याच्या कणसाचा एक साधा पाइप, शक्यतो नवा किंवा फक्त याच प्रकारच्या तंबाखूसाठी राखलेला
- टॅम्पर (दाबणी). सपाट डोक्याचा जाड खिळा साफ करून घेतला तरी चालतो
- पाइप क्लीनर, एका पाइपाला दोन-तीन
- लाकडी काड्या किंवा पाइपचा आडव्या ज्योतीचा लायटर
- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा
- पांढरी बशी किंवा कोरा पांढरा कागद
- झाकण घट्ट बसणारी, वास नसलेली २५० मिलीची काचेची बरणी
- वही, पेन आणि साधं पाणी

पाइप कणसाचाच का? ब्रायरच्या (एका झुडपाच्या मुळाच्या गाठीतल्या कठीण लाकडाच्या) जुन्या पाइपाला आधीच्या तंबाखूचा वास लागलेला असतो आणि तो नव्या मिश्रणात उतरतो. कोरा करकरीत ब्रायरही नको, कारण आतला कार्बनचा थर बसेपर्यंत तो स्वतःचीच लाकडी चव देतो. कणसाचे पाइप स्वस्त, हलके आणि आतला ओलावा शोषणारे असतात. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावी मिझुरी मीरशॉम ही कंपनी ते १८६९ पासून बनवते. एक लक्षात ठेवा: या पाइपांत नळीचं लाकडी टोक बाउलच्या (तंबाखू भरायच्या वाटीच्या) तळाशी आत आलेलं असतं. अगदी तळापर्यंत ओढलं तर ते लाकूड जळतं आणि शेवट कडू लागतो. तो कडूपणा तंबाखूच्या नावावर लिहू नका. तळाचे चार-पाच मिलिमीटर सोडून द्या.

पायरी १: कायदा आणि खरेदी

भारतात २००३ च्या तंबाखू कायद्याने १८ वर्षांखालच्या व्यक्तीला तंबाखू विकायला आणि सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करायला बंदी आहे. पाकिटावर मोठा सचित्र इशारा सक्तीचा आहे. परदेशी डबीवर तो नसेल आणि ती दुकानात खुली विकली जात असेल, तर माल वैध मार्गाने आलेला नाही असं समजा. अशा डब्या किती उन्हात पडून होत्या, किती जुन्या आहेत, खऱ्या आहेत का, याचा काहीच भरवसा नसतो आणि त्यावर केलेली पारख फुकट जाते.

परदेशातून येताना सोबत आणायची असेल, तर २०१६ च्या बॅगेज नियमांत प्रत्येक प्रवाशाला १२५ ग्रॅमपर्यंत तंबाखू करमुक्त धरली होती, म्हणजे ५० ग्रॅमच्या दोन डब्या. निघण्याआधी सीमाशुल्क विभागाचा त्या वेळचा नियम तपासा आणि बिल जवळ ठेवा. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, की तिथे जुलै २००७ पासून बंदिस्त सार्वजनिक जागेत पाइप पेटवता येत नाही, पबच्या आतसुद्धा.

पहिली डबी निवडताना जोरदार प्रकार टाळा. केंडलचाच ‘१७९२’ नावाचा फ्लेक काळा, भारी आणि टोंका बियांच्या (व्हॅनिलासारख्या) वासाचा आहे. केंडलचे काळे दोर तर निकोटीनच्या बाबतीत जबर. शिवाय केंडलच्या काही फ्लेकना फुलांचा, साबणासारखा भासणारा सुवास दिलेला असतो. तो एकदा पाइपाला लागला की महिनोन्‌महिने निघत नाही. नवख्यासाठी साधा व्हर्जिनिया किंवा व्हर्जिनिया-पेरीक बरा.

पायरी २: डबी उघडल्यावर लगेच भरू नका

तळाशी किंवा मागे तारीख असेल तर ती वहीत उतरवा. झाकण उघडल्यावर येणारा पहिला वास हा बंद डबीतला वास असतो. पेरीक असेल तर व्हिनेगरची किंवा आंबवलेल्या फळाची झाक येते. कधी नाकात अमोनियाचा झटकाही बसतो. दहा-पंधरा मिनिटं झाकण उघडं ठेवा, मग पुन्हा हुंगा. झटका गेला आणि मागे मनुका, काकवी, वाळलेला कडबा असं काही उरलं तर सगळं ठीक. अमोनिया दुसऱ्या दिवशीही तसाच असेल तर माल नीट मुरलेला नाही.

मग पट्टी उजेडात धरा. व्हर्जिनियाच्या फ्लेकवर कधी पांढरे कण दिसतात आणि नवखे घाबरून सगळी डबी फेकतात. भिंग लावून पाहा. चमकणारे, कोनदार, साखरेसारखे कण असतील तर ते स्फटिक आहेत, जुन्या तंबाखूवर ते येतातच. कापसासारखे तंतू, हिरवट-करडा रंग आणि पावसाळ्यात बंद कपाटातून येतो तसा कुबट वास असेल, तर ती बुरशी. बुरशी लागलेली पट्टी काढून बाकीची वापरायची नाही. सगळी डबी टाकायची.

पायरी ३: ओलावा (इथे सगळ्यात जास्त वेळ द्या)

फ्लेक डबीत मुद्दाम ओलसर भरतात, म्हणजे प्रवासात आणि दुकानात तो सुकून ठिसूळ होत नाही. केंडलचे फ्लेक तर हाताला चिकटतील इतके ओले निघतात. ओढायला साधारण १२ ते १४ टक्के ओलावा बरा पडतो, डबीतला फ्लेक त्याच्या बराच वर असतो.

ओल्या तंबाखूत नेमकं काय होतं ते समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. निखाऱ्याची उष्णता आधी पाणी उडवण्यात खर्च होते, म्हणून तो विझतो. विझू नये म्हणून आपण जोरात ओढतो. जोरात ओढलं की वाफ थेट जिभेवर येते, आणि वाफेचा चटका कोरड्या धुरापेक्षा वाईट. उरलेली वाफ नळीत थंड होऊन पाणी होते आणि पाइप गुरगुरतो. चव मात्र कुठेच नसते, कारण निखारा इतका थंड असतो की पानातला गोडवा वर येतच नाही. एका ओलाव्यातून या चारही तक्रारी निघतात.

म्हणून असं करा. काट्यावर बशी ठेवून ३ ग्रॅम पट्टी मोजा. ती अलगद पदर सोडवून, पूर्ण न मोडता, बशीत पसरा. फ्लेकमध्ये समजा २० टक्के पाणी आहे, तर ३ ग्रॅमात ०.६ ग्रॅम पाणी आणि २.४ ग्रॅम कोरडं पान. हा ऐवज १३ टक्क्यांवर आणायचा तर वजन २.७५ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. म्हणजे पाव ग्रॅम घटला की थांबायचं. दर दहा मिनिटांनी वजन करा. दोन-तीनदा केलं की बोटांना सवय होते आणि काट्याची गरज उरत नाही.

बोटांची खूण अशी: चिमूट दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर ओली. हळूच उमलून मोकळी झाली तर तयार. दाबताना करकर आवाज येऊन चुरा पडला तर जास्त सुकली.

वेळ किती, हे हवेवर ठरतं. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात हीटर लावलेल्या खोलीत वीस मिनिटांत काम होतं. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये बशीत रात्रभर ठेवली तरी काही होत नाही, उलट ती हवेतलं पाणी ओढून घेते. अशा दिवसांत एसी चालू असलेल्या खोलीत ठेवा, किंवा जुन्या, तापणाऱ्या पिवळ्या दिव्याखाली हातभर अंतरावर. विदर्भात किंवा मराठवाड्यात एप्रिल-मे असेल तर नेमकं उलटं, दहा मिनिटांत कुरकुरीत होते, म्हणून बशीजवळून हलू नका. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. काठ करपतो, मधला भाग ओला राहतो आणि अर्धा सुवास ओव्हनमध्येच जातो.

फार सुकलीच तर पाणी शिंपडू नका. ओल्या कापडाच्या तुकड्याबरोबर, कापड पानाला न टेकता, झाकलेल्या वाडग्यात तास-दोन तास ठेवा. वास थोडा उणा होतो, पण ओढण्याजोगी होते.

पायरी ४: मळून, दुमडून की तुकडे करून

तळहातावर तंबाखू मळणं मराठी माणसाला शिकवायला नको, इथे फक्त चुना नाही आणि जोर कमी. तीन पद्धती आहेत आणि प्रत्येक पद्धतीत एकाच मिश्रणाची चव वेगळी लागते.

पूर्ण मळलेली: पट्टी दोन तळहातांमध्ये धरून गोल फिरवत मोकळी करायची, बारीक दोऱ्यांसारखी. भुकटी होईपर्यंत नाही. भुकटी झाली की ती खाली बसून हवेची वाट अडवते. ही लवकर पेटते आणि एकसारखी जळते, पण जरा गरम जळते आणि वरच्या सुरांना पुढे करते: गवत, लिंबाची साल, पेरीकची मिरी.

दुमडलेली: पट्टी लांबीत एकदा, मग पुन्हा दुमडायची, हलका पीळ देऊन उभी बाउलमध्ये सोडायची. वर थोडी मळलेली तंबाखू भुरभुरवायची, पेटवणाला म्हणून. हिला पेटायला वेळ लागतो, पुन्हा पुन्हा काडी लागते, पण ती थंड आणि सावकाश जळते. गोडवा आणि खोली यातच जास्त. दाबल्याने पानं एकजीव होतात असं वर म्हटलं, ते खऱ्या अर्थाने इथे कळतं.

तुकडे: पट्टी किंवा वडी सुरीने तीन-चार मिलिमीटरच्या चौकोनांत कापायची आणि बाउलमध्ये नुसती ओतायची. वड्यांसाठी उत्तम. मधे-मधे पोकळी राहते, म्हणून दाबणी बेताने लावायची.

पारख करताना पहिले दोन पाइप पूर्ण मळूनच ओढा. त्यात बिघडण्याच्या जागा सगळ्यात कमी. तिसऱ्या-चौथ्या पाइपाला दुमडून बघा. पहिल्याच दिवशी दुमडून भरली आणि पेटेना, तर दोष पद्धतीचा आहे, ओलाव्याचा आहे की मिश्रणाचा, हे शोधायला काहीच हाताशी उरत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला.

पायरी ५: भरणं

मध्यम बाउल आतून १९-२० मिमी रुंद आणि ३५-४० मिमी खोल असतो. त्यात सुकवलेली दोन ते अडीच ग्रॅम पुरते. सुट्या तंबाखूच्या सवयीने काठोकाठ भरू नका. दाबलेली तंबाखू तापली की फुगते आणि बाउल घट्ट होऊन बसतो. नवख्यांचा हा दुसरा मोठा घोटाळा.

मळलेली असेल तर पहिला थर नुसता पडू द्या, बोट लावू नका. दुसरा अलगद दाबा. तिसरा काठाच्या खाली तीन-चार मिलिमीटर राहील असा, जरासा जास्त दाबून. न पेटवता ओढून पाहा. स्ट्रॉने पातळ ताक ओढताना लागतो तेवढाच अडसर लागायला हवा. दाट लस्सी ओढल्यासारखं वाटलं तर सगळं बाहेर काढा आणि पुन्हा भरा. पेटवल्यावर हे सुधारत नाही, बिघडतच जातं.

पायरी ६: पेटवणं

काडीचं गंधकाचं टोक जळून जाऊ द्या, मगच बाउलवर आणा. ज्योत गोल फिरवत चार-पाच हलके झुरके. वरचे धागे उभे राहतील, हे व्हायलाच हवं. दाबणी नुसत्या तिच्या वजनाने टेकवा, मग दुसऱ्यांदा पेटवा. खरा पेटता पृष्ठभाग आता तयार होतो. पहिल्या काडीच्या चवीवरून काहीच लिहू नका, ती जळलेल्या टोकांची चव आहे.

एका पाइपात तीन ते सहा वेळा पुन्हा पेटवावं लागणं फ्लेकमध्ये अगदी स्वाभाविक आहे. विझला म्हणून जोर करू नका. दोन मिनिटं थांबून, राख हलकेच सारखी करून पेटवा.

पायरी ७: ओढण्याची लय

धूर छातीत घ्यायचा नाही. तोंडात थोडा घ्यायचा आणि सोडायचा, गरम चहाचा घोट घेतो तसा लहान. मिनिटाला दोन-तीन घोट पुरेत. अडीच ग्रॅम अशा लयीत पाऊण तास ते तासभर चालते. वीस मिनिटांत संपली तर तुम्ही घाई केली.

बाउल गालाला लावून पाहा. गाल सुखाने टेकवता आला नाही तर खाली ठेवा आणि थंड होऊ द्या. गुरगुर ऐकू आली की नळीतून पाइप क्लीनर तळापर्यंत घालून पाणी टिपून घ्या. फुंकून बाहेर काढू नका, ते तोंडात येतं.

व्हर्जिनियात साखर भरपूर असते आणि तिचा धूर जास्त आम्लधर्मी असतो, म्हणून तोंडातून निकोटीन सावकाश शोषलं जातं आणि फ्लेक ‘हलका’ वाटतो. अर्ध्या तासाने मात्र जोर कळतो. उचकी, तोंडाला पाणी सुटणं, कपाळावर गार घाम, मळमळ यातलं काहीही झालं की त्याच क्षणी पाइप ठेवा, बसा किंवा आडवे व्हा, मोकळी हवा घ्या, गूळ-पाणी किंवा साखर घ्या. बहुतेकदा अर्ध्या तासात बरं वाटतं. उलट्या थांबल्या नाहीत, छातीत दुखलं किंवा धडधड वाढली तर डॉक्टरकडे जा. रिकाम्या पोटी नवा फ्लेक कधीच पेटवू नका. डबी आणि ओली राखसुद्धा लहान मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाती लागू देऊ नका. पोटात गेलेली तंबाखू विषबाधा करते.

पायरी ८: चव लिहून ठेवणं

आता खरी पारख. पाइप तीन भागांत वाटा: वरचा, मधला, शेवटचा. प्रत्येक भागात एकदाच, थोडा धूर नाकावाटे हळू सोडा. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात. बाकी सगळं नाकाला. पेरीक असेल तर नाकात काळ्या मिरीची चुणचुण येते. खोकला आला तर प्रमाण जास्त झालं.

शब्द स्वतःच्या स्वयंपाकघरातले वापरा. डबीवरचे इंग्रजी शब्द उतरवून काही साधत नाही. न चाखलेल्या फळाचं नाव वहीत लिहिलं तर सहा महिन्यांनी तुम्हालाच त्यातून काही आठवणार नाही. फिक्या व्हर्जिनियात ताजा कडबा, लिंबाची साल. लालसर व्हर्जिनियात भाजलेला पाव, मध. काळ्या, शिजवलेल्या व्हर्जिनियात गुऱ्हाळावर काहिलीच्या काठाशी जमलेली काकवी, बेदाणे. पेरीकमध्ये अंजीर, चिंचेची आंबूस झाक आणि मिरी. बर्ली या कमी साखरेच्या तंबाखूत खरपूस शेंगदाणे, साखर नसलेला कोको. लटाकियात धुरी दिलेलं ताक किंवा चुलीच्या धुरात राहिलेलं कातडं, कारण ते पान खरोखरच धुरावर मुरवलेलं असतं. सेंट जेम्स फ्लेकमध्ये वरच्या भागात पाव आणि आंबूसपणा, मधे मिरी आणि अंजीर, शेवटी काकवी, असा क्रम शोधून पाहा. तुमचा क्रम वेगळा निघाला तर तुमचाच लिहा.

प्रत्येक पाइपाची नोंद अशी: तारीख, हवा, कुठला पाइप, सुकवण्याआधीचं आणि नंतरचं वजन, मळलेली की दुमडलेली, किती काड्या, किती मिनिटं, तिन्ही भागांची चव, जिभेची अवस्था, तळाशी काय उरलं. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण फार कामाची आहे. कोरडी करडी राख उरली तर सगळं जमलं. तळाशी काळा ओला लगदा उरला तर पुढच्या वेळी आणखी सुकवा. न जळलेले पदर उरले तर तळ घट्ट भरला होता.

सोबत फक्त साधं पाणी घ्या. मसाल्याचा चहा, लोणचं किंवा मिरचीचं जेवण झाल्यावर लगेच ओढलेल्या पाइपाची नोंद धरू नका.

जीभ पोळली तर कारण दोन प्रकारचं असू शकतं. टोकाला आणि टाळूला भाजल्यासारखं वाटून थोड्या वेळात कमी झालं, तर ती उष्णता, म्हणजे तुमची लय किंवा ओलावा. सगळ्या जिभेवर चुरचुर राहून दुसऱ्या दिवशीही जेवताना जाणवली, आणि सुकवलेल्या, सावकाश ओढलेल्या तीन पाइपांत असंच झालं, तर हे मिश्रण तुमच्या तोंडाला मानवत नाही. तेव्हा ते बाजूला ठेवा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर विषय चवीचा राहिला नाही. पाइप बंद करा आणि दातांच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा.

पायरी ९: निकाल कधी द्यायचा

किमान पाच पाइप, वेगवेगळ्या दिवशी, शक्यतो एकाच वेळेला आणि मधे किमान एक दिवस सोडून. दोन मळून, दोन दुमडून, आणि पाचवा नोंदी वाचून जी पद्धत बरी वाटली तिने. एकाच दिवशी दोन नवे प्रकार शेजारी ठेवून तुलना करू नका. पहिल्याने थकलेली जीभ दुसऱ्याचं काहीच सांगत नाही. ओढून झाल्यावर पाइप गरम असताना नळी उपटू नका, जोड सैल होतो. थंड झाल्यावर क्लीनर फिरवा आणि एक दिवस वाळू द्या.

पाच पाइपांनंतर वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. मधला भाग वरच्या भागापेक्षा वेगळा होता का? चांगला फ्लेक पाइपभर बदलत जातो, सपाट राहणारा लवकर कंटाळा आणतो. गोडवा पानाचा होता की वरून लावलेल्या पाकाचा? वरून लावलेला पहिल्या दहा मिनिटांत संपतो. तिसरा प्रश्न, सुकवणं आणि मळणं या कष्टांच्या मानाने हाती काही लागलं का? याचं उत्तर नाही असं असेल तर डबीतली तंबाखू बरणीत घालून ठेवा. फेकू नका.

पायरी १०: उरलेली तंबाखू

एकदा उघडलेल्या डबीचं झाकण हवाबंद राहत नाही. काही आठवड्यांत पट्ट्या कडक होतात. ५० ग्रॅम साधारणपणे २५० मिलीच्या बरणीत मावते. पट्ट्या न मोडता, न ठासता, उभ्या रचा आणि बरणी अंधाऱ्या, थंड कपाटात ठेवा. फ्रिजमध्ये नको. लोणच्याची किंवा मसाल्याची जुनी बरणी कितीही घासली तरी झाकणाच्या रबरात वास राहतो, ती घेऊ नका. पावसाळ्यात बरणी वारंवार उघडू नका, आत शिरलेला दमटपणा बुरशीला आमंत्रण देतो.

व्हर्जिनियाचा फ्लेक बंद बरणीत मुरत राहतो. तिखट कडा बोथट होतात आणि गोडवा गडद होतो. नावडलेल्या फ्लेकची बरणीसुद्धा सहा महिन्यांनी एकदा, मग वर्षाने एकदा उघडा, त्याच पाइपात, त्याच वजनाने, त्याच पद्धतीने भरा आणि जुन्या नोंदीशेजारी नवी नोंद लिहा. झाकणावर कागदाची पट्टी चिकटवून मिश्रणाचं नाव, डबीवरची तारीख आणि बरणीत भरल्याची तारीख अशी तिन्ही लिहा. पेन्सिलने लिहा, शाई कपाटातल्या दमटपणात फुटते.